पुसलेला कॉफीचा डाग कार्पेटवर परत परत का उमटतो, आणि तो मुळापासून कसा काढायचा

संध्याकाळी कार्पेटवर कॉफी सांडते. ओल्या फडक्याने लगेच पुसली की डाग गेलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच जागी एक फिकट तपकिरी कडं उमटतं. पुन्हा पुसलं की पुन्हा जातं आणि दोन-चार दिवसांनी आणखी रुंद होऊन येतं. मुंबईत जून ते सप्टेंबर या दिवसांत हे हमखास घडतं. अशा वेळी बहुतेकजण जास्त साबण, जास्त पाणी, जास्त घासणं या वाटेने जातात आणि डाग दर खेपेला मोठा होतो.

परत दिसणारी कॉफी पहिल्या दिवसाचीच असते. मगमध्ये साधारण २०० मिलि कॉफी असते. त्यातली लवेच्या टोकांवर राहिलेली तेवढी फडकं टिपून घेतं. बाकीची लवेच्या बुडाशी, तळाच्या विणीत आणि पाठीवरच्या थरात मुरते. आपल्या घरांत कार्पेट सहसा लादीवर नुसतं अंथरलेलं असतं. लादी पाणी शोषत नाही, त्यामुळे कॉफी कार्पेटच्या खाली थारोळं करून राहते. वरचा भाग सुकू लागला की दिव्याची वात जसं तेल ओढते तसा प्रत्येक धागा खालचं पाणी वर ओढतो. पाणी टोकाशी पोचून उडून जातं आणि त्यात विरघळलेला रंग तिथेच राहतो. हवा दमट असली की सुकायला वेळ लागतो, आणि तेवढा जास्त वेळ ही ओढ चालू राहते. म्हणून नागपूरच्या मे महिन्यात पुसून भागतं तेच दादरच्या जुलैत भागत नाही.

यात खरं काम पाणी बाहेर काढण्याचं आहे, पुसण्याचं नव्हे. पुढची सगळी मापं आणि पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी डाग कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

‘परत आलेला डाग’ या एका नावाखाली निरनिराळ्या तक्रारी असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बसून नीट बघा.

कड ठळक तपकिरी आणि मधला भाग फिकट असेल, तर ती तळातून वर आलेली कॉफी. हीच तक्रार सर्वांत जास्त आढळते.

डाग राखाडी, मळकट असेल, हाताला किंचित चिकट लागत असेल आणि पुसल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागला असेल, तर त्यात कॉफी उरलेलीच नसते. आत राहिलेल्या साबणाला नाहीतर कॉफीतल्या साखरेला पायांची धूळ चिकटलेली असते. यावर आणखी साबण घालणं म्हणजे त्याच चिकटपणात भर.

कड नसलेला, ढगासारखा पसरलेला पिवळट-तपकिरी पट्टा असेल आणि गालिचा हातविणीचा लोकरीचा किंवा तागाचा असेल, तर तो रंग कॉफीपेक्षा सुताचा नाहीतर तागाचा असण्याची शक्यता जास्त. हातविणीच्या लोकरी गालिचाचा ताणाबाणा बहुधा सुती असतो. सूत किंवा ताग फार वेळ ओला राहिला की त्यातलाच तपकिरी अंश पाण्याबरोबर वर येतो. नुसतं पाणी सांडलं तरी असं होतं.

डाग काळसर, निळ्या झाकेचा झाला असेल तर लोखंडाचा संशय घ्या. कॉफीतले तुरट घटक आणि लोखंड एकत्र आले की शाईसारखा रंग तयार होतो. जुन्या इमारतींमध्ये गंजक्या पाइपांतून सकाळी पहिलं येणारं लालसर पाणी, किंवा बोअरवेलचं पाणी फडक्याला वापरलं की हा प्रकार होतो. कार्पेटसाठी पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा. लागतं लिटर-दोन लिटर, त्यात कंजुषी नको.

आंबूस वास येत असेल तर दूध आत राहिलं आहे. आणि डागाची जागा आजूबाजूपेक्षा फिकट दिसत असेल तर कार्पेटचाच रंग उडालेला आहे. तिथे कुठलंही द्रावण चालत नाही, हात थांबवा.

खात्री करायची तर पांढरं सुती फडकं साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि डागावर दोन मिनिटं तळहाताने दाबून धरा. फडक्यावर तपकिरी छटा उतरली तर आत कॉफी आहे. फडकं बुळबुळीत लागलं, चोळल्यावर फेस आला तर साबण आहे. पुष्कळदा दोन्ही सापडतात. अशा वेळी साबण आधी काढायचा, म्हणजे नुसत्या पाण्याने फवारणं आणि टिपणं, फेस थांबेपर्यंत.

कार्पेट कशाचं आहे?

पाठीवर चिठ्ठी नसेल तर कडेचे दोन-तीन धागे कापून, चिमट्यात धरून, बेसिनवर जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आणि बोटांनी चुरडणारी राख असेल तर लोकर किंवा रेशीम. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत, ताग किंवा व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा). वितळून कडक मणी झाला तर नायलॉन, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन.

पॉलिप्रॉपिलिनचा धागा पाणी पीत नाही. त्यामुळे त्यावर रंग चढत नाही, पण धाग्याच्या पृष्ठभागावरून कॉफी सरळ तळाशी उतरते आणि तितक्याच सहज वर येते. नायलॉन मात्र कॉफीचा रंग धरतो, तिथे उशीर महागात पडतो. लोकरीला अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचं), सोडायुक्त काहीही चालत नाही. सोड्याने लोकर पिवळी आणि खरखरीत होते. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, वर उजळपणा आणणारी द्रव्यंही असतात, म्हणून ती कुठल्याच कार्पेटवर नको.

‘आर्ट सिल्क’, ‘बांबू सिल्क’ अशा नावांनी विकले जाणारे चकचकीत गालिचे बहुधा व्हिस्कोसचे असतात. ओलं झालं की व्हिस्कोस कमकुवत होतं, लव आडवी पडते आणि पिवळी पडते. त्यावर घरी फक्त कोरडं टिपणं करायचं, पुढचं काम जाणत्या माणसाकडे द्यायचं. खऱ्या रेशमालाही हाच नियम.

लागणाऱ्या वस्तू

पांढरी सुती फडकी भरपूर. जुना पंचा उत्तम, मात्र रंगीत काठ कापून टाका, नाहीतर काठाचा रंग कार्पेटवर उतरतो. स्प्रेची एक रिकामी, स्वच्छ बाटली. मापाचा कप, चमचा. स्टीलचं एक सपाट ताट. पाण्याचा ५ लिटरचा कॅन. टेबलफॅन. जाड प्लॅस्टिकचा एक तुकडा.

पहिलं द्रावण साबणाचं: ५०० मिलि साध्या तापमानाच्या पाण्यात अर्धा चहाचा चमचा, म्हणजे अडीच मिलि, पारदर्शक, बिनरंगाचं भांडी घासायचं लिक्विड. लोकरीसाठी त्याऐवजी लोकरीचे कपडे धुवायचं लिक्विड, तितकंच. हे प्रमाण फार कमी वाटेल, पण ते मुद्दाम कमी ठेवलं आहे. कार्पेट कपड्यासारखं खळखळून काढता येत नाही, म्हणून आत घालाल तो साबण बराचसा आतच राहतो. वडीचा साबण, मग तो अंगाचा असो वा कपड्याचा, अजिबात नको. तो अल्कधर्मी असतो आणि कॉफीचे तुरट घटक त्याने धाग्यावर आणखी पक्के बसतात.

दुसरं द्रावण आम्लाचं: एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी. काळपट माल्ट व्हिनेगर चालणार नाही, त्याचाच डाग पडतो. व्हिनेगर नसेल तर २५० मिलि पाण्यात एक सपाट चहाचा चमचा लिंबूसत्त्व, म्हणजे ढोकळ्याला वापरतात ते सायट्रिक ॲसिड. खाली मार्बल, कोटा, कडप्पा किंवा जुन्या इमारतीतली मोझॅक लादी असेल तर हे द्रावण तिला लागू देऊ नका. आम्लाने अशा दगडाची झिलई कायमची जाते. कार्पेटचा भाग उचलून खाली प्लॅस्टिक आणि त्यावर घडी केलेला टॉवेल सरकवा, मगच सुरुवात करा.

दोन्ही द्रावणं आधी सोफ्याखाली दडलेल्या कोपऱ्यावर लावून, पाच मिनिटांनी पांढऱ्या फडक्याने दाबून बघा. कार्पेटचा रंग फडक्यावर आला तर पुढे जाऊ नका.

काढण्याची रीत

हे माप बशीएवढ्या, म्हणजे १५ सेंमी रुंद डागासाठी आहे. डाग मोठा असेल तर त्याचे बशीएवढे भाग पाडून एकेक भाग पूर्ण करा.

१. जागा कोरडी असताना व्हॅक्यूमने धूळ ओढून घ्या. व्हॅक्यूम नसेल तर गालिचा गॅलरीत उलटा टाकून झटका. धूळ राहिली तर पाणी पडताच तिचा चिखल होतो.

२. साबणाचं द्रावण ३० ते ४० मिलि फवारा. वरवरची लव ओली करून उपयोग नाही, कारण कॉफी बुडाशी आहे. पण धो-धो ओतूही नका, नाहीतर १५ सेंमीचा डाग तळात ३० सेंमीचा होईल. पाच मिनिटं थांबा.

३. टिपा. घासू नका. फडक्याची चार पदरी घडी ठेवून त्यावर टाचेने १५-२० सेकंद पूर्ण भार द्या. घडी पालटत राहा. काम कडेकडून मध्याकडे. घासल्याने लव पिंजते, पीळ सुटतो, आणि डाग गेला तरी ती जागा कायम वेगळी दिसते.

४. व्हिनेगरचं द्रावण ३० मिलि फवारून दहा मिनिटं थांबा आणि तसंच टिपा. कॉफीचा रंग आम्लात सैल होतो, म्हणून या फेरीत फडक्यावर सर्वांत जास्त तपकिरी उतरते. फडकं जवळपास स्वच्छ येईपर्यंत ही पायरी दोनदा-तीनदा करा.

५. साधं गाळलेलं पाणी ५० मिलि फवारून टिपा. असं दोनदा. ही पायरी लोक हटकून गाळतात आणि तीन आठवड्यांनी राखाडी डागाची तक्रार करतात.

६. आता जागा ओली आहे, पण वरून डाग दिसत नाही. इथेच काम संपलं असं वाटतं. खरं तर डाग परत यायची सुरुवात इथूनच होते. पंचाची आठ-दहा पदरी घडी, डागापेक्षा चारही बाजूंनी तळहातभर मोठी, त्या जागेवर ठेवा. वर स्टीलचं ताट उलटं ठेवा आणि त्यावर पाण्याने भरलेला ५ लिटरचा कॅन. लोखंडी डंबेल, इस्त्री, खलबत्ता यांपैकी काही ओल्या कार्पेटवर ठेवू नका, गंज उतरेल. तीन तासांनी घडी बदला आणि दुसरी कोरडी घडी रात्रभर ठेवा. वर येणारा रंग आता धाग्याच्या टोकावर न थांबता फडक्यात जातो. सकाळी पंचावर फिकट तपकिरी वर्तुळ दिसलं तर ते चांगलं लक्षण समजा. तेच वर्तुळ एरवी कार्पेटवर उमटलं असतं.

७. सकाळी कार्पेट उचलून लादी पुसा. कार्पेटचा तो भाग खुर्चीवर आडवा टाका, म्हणजे खालूनही हवा लागेल, आणि पंखा लावा.

पंचावर वर्तुळ ठळक आलं असेल तर एक दिवस जाऊ द्या, पूर्ण सुकू द्या, मग चौथ्या पायरीपासून पुन्हा करा. जुन्या, दोन-तीनदा पुसलेल्या डागाला दोन फेऱ्या लागतातच. वेट अँड ड्राय व्हॅक्यूम असेल तर प्रत्येक टिपण्याऐवजी तो चालवा. एका फेरीत तो फडक्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतो. तरी रात्रीची घडी चुकवू नका.

पिवळट ढगासारख्या डागाला साबण लागत नाही. आम्लाचं द्रावण हलक्या हाताने फवारा, टिपा आणि लवकरात लवकर सुकवा. काळसर-निळ्या डागालाही लिंबूसत्त्वाचंच द्रावण, १५ मिनिटं ठेवून, मग साध्या पाण्याच्या दोन फेऱ्या.

दूध-साखरेची कॉफी असेल तर

बिनदुधाच्या कॉफीला वरची रीत पुरते. आपल्याकडची घरगुती कॉफी मात्र दुधाची, साखरेची. माटुंग्याच्या दुकानातून दळून आणलेल्या फिल्टर कॉफीत चिकोरीही असते, तिचा रंग गडद असतो. तिथे तीन गोष्टी सुट्या कराव्या लागतात.

दुधातलं प्रथिन उष्णतेने आळतं आणि धाग्याला चिकटून बसतं. म्हणून दुधाच्या कॉफीवर गरम पाणी कधीच नको. सिंथेटिक कार्पेट असेल तर एन्झाइम असलेलं कपड्याचं लिक्विड २५० मिलि कोमट पाण्यात पाव चमचा घ्या. पाणी हाताला जेमतेम ऊबदार लागेल इतकंच हवं. ते फवारून २० मिनिटं ओलं राहू द्या, टिपा, मग वरची रीत पहिल्यापासून. लोकर आणि रेशीम ही स्वतःच प्रथिनं आहेत. तेच एन्झाइम त्यांनाही खातं, तेव्हा तिथे ते वापरायचं नाही.

सायीचा तेलकटपणा राहिला तर पाणी त्या जागी मणी धरतं. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट फडक्यावर घेऊन, फक्त लवेच्या टोकांवरून टिपा. कार्पेटवर ओतू नका, पाठीवरचा लॅटेक्सचा थर सैल होऊन कार्पेट फुगतं. फॅन लावा, खिडकी उघडा, गॅस आणि उदबत्ती बंद ठेवा.

साखरेला निव्वळ पाणी पुरतं, पण दोन फेऱ्या जास्त.

तरीही सावली राहिली

फिकट रंगाच्या कार्पेटवर शेवटचा उपाय हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानातली बाटली बहुधा ६ टक्क्यांची, म्हणजे २० व्हॉल्यूमची असते. त्यात तितकंच पाणी घालून ३ टक्के करा. कार्पेटमधलं व्हिनेगर पाण्याने पूर्ण काढून झाल्यावरच हे लावा. दोन्ही एकत्र आले की डोळ्याला आणि घशाला झोंबणारं तीव्र आम्ल तयार होतं. चमचाभर फवारा, तासभर राहू द्या, टिपा, पाण्याने दोनदा काढा. फरक दिसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. गडद, नैसर्गिक रंगांच्या किंवा जुन्या काश्मिरी-भदोही गालिचांवर नको. लोखंडाच्या डागावरही नको, तिथे पेरॉक्साइड धागाच कमकुवत करतं. मिसळून उरलेलं द्रावण बूच लावून ठेवू नका, आत वायू साठतो.

डाग बिघडवणारे घरगुती उपाय

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकलं की फेस येतो आणि काहीतरी होतंय असं वाटतं. प्रत्यक्षात दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरतं मीठवजा पाणी. नुसता सोडा कॉफीवर टाकला तर त्याच्या अल्कधर्मी गुणाने रंग गडद होतो. वास घालवायला सोडा चालतो, पण जागा पूर्ण कोरडी झाल्यावर, आणि नंतर व्हॅक्यूमने पूर्ण काढून.

मिठाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण हा सल्ला घरोघरी दिला जातो. मीठ ओल शोषतं हे खरं. पण पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते आपण दरवर्षी बघतो. कार्पेटमध्ये अडकलेलं मीठ हेच करतं, हवेतली ओल खेचून ती जागा महिनोन्‌महिने सर्द ठेवतं, आणि तळातली कॉफी पुन्हा पुन्हा वर येते. सांडल्या सांडल्या काही टाकायचंच असेल तर मक्याचं पीठ टाका, कोरडं झालं की व्हॅक्यूमने उचला.

हेअर ड्रायर, इस्त्री यांनी दूध पक्कं बसतं आणि इस्त्रीने पॉलिप्रॉपिलिन वितळतं. कपड्याचं ब्लीच लोकर आणि रेशीम खाऊन टाकतं, आणि व्हिनेगरबरोबर आलं तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. ते कपाटातच राहू द्या.

मुंबईत सुकवायचं कसं

पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवून कार्पेट सुकत नाही, बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. खिडक्या बंद करून एसी ‘ड्राय’ मोडवर चालवा आणि टेबलफॅन जमिनीलगत, कार्पेटला समांतर ठेवा. एसी नसेल तर दोन पंखे, एक वरून, एक उचललेल्या भागाखालून. चोवीस तासांच्या आत सुकायला हवं. त्यापुढे कुबट वास आणि बुरशी. सुकलं की नाही हे तळहाताला कळत नाही. टिश्यूपेपर लवेच्या बुडाशी दाबून पाठीच्या बाजूनेही दाबा. दोन्हीकडे कोरडा आला तरच फर्निचर परत ठेवा. लाकडी पाय आणि खिळे ओल्या कार्पेटवर आले तर पॉलिशचा आणि गंजाचा नवा डाग पडतो.

मोठं काम हाताशी असेल, उदाहरणार्थ भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं कार्पेट, तर शक्य असल्यास ऑक्टोबरपर्यंत थांबा. थांबायच्या काळात जागा ओली करू नका, एवढंच पथ्य.

बीकेसी किंवा लोअर परळच्या ऑफिसांत कॉफी मशीनजवळची तीच चार-पाच चौकोनी कार्पेट टाइल्स (सुट्या उचलता येणारे कार्पेटचे तुकडे) दर महिन्याला डागाळतात. तिथे जमिनीवर बसून टिपत राहण्यापेक्षा टाइल उचला. सिंकवर उभी धरून वरून पाणी सोडा, मागून दाबा, भिंतीला टेकवून पंख्यात सुकवा. खालची जमीन आणि सुटलेला गोंद पुसा. सुकेपर्यंत तिथे जादा टाइल लावा. जादा टाइल संपल्या असतील तर कपाटाखालची काढून घ्या. लवेची दिशा पाठीवरच्या बाणाने जुळवा, नाहीतर ती टाइल रंग वेगळा असल्यासारखी दिसेल.

साफ करणाऱ्या सेवेला बोलावणार असाल तर फोनवरच तीन प्रश्न विचारा. शॅम्पूनंतर साध्या पाण्याने काढता का? पाणी ओढायचं मशीन बरोबर आणता का? निघताना कार्पेट किती ओलं असेल? ‘फक्त शॅम्पू मारतो, दोन दिवसांत सुकेल’ असं उत्तर आलं तर नको म्हणा. डाग किती जुना, कॉफी दुधाची होती का, आणि घरी काय काय लावून झालं आहे, हे त्यांना आधीच सांगा. पेरॉक्साइड किंवा सोडा लावला असेल तर तो लपवू नका, त्यावरच त्यांचं पुढचं द्रावण ठरतं.